केस धुण्याची वडी



या सत्रात आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांकडून कार्यानुभवाच्या तासाला केस धुण्याची वडी करवून घ्यायचे आम्ही योजिले आहे. बाजारात हिला 'शाम्पू बार' म्हणतात. बाटली नाही, सांडलवंड नाही, प्रवासात पिशवीत टाकून नेता येते, म्हणून हल्ली ती पुष्कळांना आवडू लागली आहे. ('शाम्पू' हा शब्द मुळात आपल्याकडचाच. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणे, मालिश करणे. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद यांनी १८१४ साली इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढले, त्यात ते हीच चंपी करीत. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.) पालकसभेत दोन-तीन मातांनी विचारले, "मग साबण आणि यात फरक तो काय?" विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "मागच्या खेपेसारखे काही होणार नाही ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो.

डिसेंबर २०२३ मध्ये विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत नववीच्या एका गटाने खोबरेल तेल व कॉस्टिक सोडा यांपासून साबण करण्याची परवानगी मागितली. ती आम्ही दिली. शिक्षक हजर होते, हातमोजे होते, तोलकाटाही होता. पातेले मात्र अ‍ॅल्युमिनियमचे होते आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही. कॉस्टिक सोड्याचे पाणी अ‍ॅल्युमिनियमला खाते. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि उष्णताही. पाणी फसफसून वर आले आणि शिंतोडे एका विद्यार्थिनीच्या मनगटावर, मोज्याच्या जरा वर, उडाले. शिक्षकांनी लगेच तिचा हात नळाखाली धरला, वीस मिनिटे तसाच ठेवला, मग डॉक्टरांकडे नेले. तिथे आजही रुपयाएवढा डाग आहे. गटातील एकाच्याही डोळ्यांवर चष्मा नव्हता, ही गोष्ट आम्हांला नंतर रात्रभर झोपू देईना. परवानगीच्या अर्जावर 'भांडे कशाचे?' असा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. ती चूक मुलांची नव्हे, आमची.

तेव्हा शाळेत कॉस्टिक सोडा आता येणार नाही. घरी कोणी मोठ्या माणसाने साबण करायचाच ठरवला, तर इतके ध्यानी ठेवावे. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लास्टिकचे हवे. सोडा पाण्यात हळूहळू घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. चष्मा, लांब बाह्या, खिडकी उघडी, मुले दुसऱ्या खोलीत. अंगावर उडाले तर व्हिनेगर वा लिंबू चोळत बसू नये, भरपूर पाण्याने धुवावे. आणि तेल बदलले की सोड्याचे मापही बदलते, हे फार जण विसरतात. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तेवढ्याच एरंडेलाला सुमारे १३ ग्रॅमच. खोबरेलाच्या कृतीत कोणी खोबरेलाऐवजी एरंडेल ओतले तर उरलेला सोडा वडीतच राहतो आणि डोक्याची कातडी पोळते.

आता पहिला प्रश्न. साबण नीट झाला, पूर्ण मुरला, तरी केसांसाठी तो फारसा चांगला नाही. का, ते दहावीच्या विज्ञानात 'कार्बन एवं उसके यौगिक' या पाठात अर्धेअधिक दिलेले आहे.

तेल आणि सोडा मिळून साबण व ग्लिसरीन तयार होते. हा साबण अल्कधर्मी असतो. पीएच पट्टीवर ७ म्हणजे उदासीन. साबणाचे पाणी ९ ते १० दाखवते. आपल्या डोक्याची कातडी साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. अल्कधर्मी पाण्यात ते उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात.

दुसरी अडचण आपल्या गावच्या पाण्याची. इंदुरात नर्मदेचे पाणी १९७८ पासून येते, पण आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी आजही बोरिंगचे पाणी वापरतात. माळव्याच्या काळ्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अशा पाण्यात साबणाचा काही भाग फेस न होता पांढरा चिकट साका होऊन बसतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच. केसांवरही तोच बसतो, म्हणून साबणाने धुतलेले केस वाळल्यावर राठ आणि चिकट, दोन्ही एकदम लागतात.

येथे एक शब्द सांगावासा वाटतो. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे आमच्या तोंडी 'कठोर जल' बसलेले. मराठी पुस्तकात 'दुष्फेन पाणी' हा शब्द प्रथम वाचला तेव्हा अडखळलो. मग उमगले की हा शब्द अधिक चोख आहे. पाणी हाताला कठोर लागत नाही, त्याला फेस वाईट येतो, आणि शब्द तेच सांगतो.

रिठा व शिकेकाई यांचे काम निराळे आहे. त्यांच्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचा रेणूही साबणासारखाच एका अंगाने तेलकटपणाला धरतो व दुसऱ्या अंगाने पाण्याला, म्हणून मळ सुटतो. पण ती दुष्फेन पाण्यात साबणासारखी साका होऊन बसत नाहीत, आणि त्यांचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. दिवाळीच्या अभ्यंगाला आपल्या घरांत शिकेकाई का, याचे उत्तर यात आहे.

हे आमच्या सांगण्यावर मानू नका, करून पाहा. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर लावा व वाळवा. एका तुकड्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, दुसऱ्यावर शिकेकाईच्या गाळलेल्या पाण्याचा. साबणाचा डाग तांबडा होईल, शिकेकाईचा होणार नाही. तांबड्या डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू करतात ते याच गुणाने. मग दोन सारख्या बाटल्यांत बोरिंगचे पाणी घ्या, एकीत साबणाच्या पाण्याचे दहा थेंब, दुसरीत रिठ्याच्या पाण्याचे दहा थेंब, आणि दहा-दहा वेळा हलवा. पावसाच्या साठवलेल्या पाण्यातही हेच करा आणि चारही बाटल्यांतील फेस पट्टीने मोजून वहीत लिहा.

आता वडीची कृती. शिकेकाईची बारीक पूड ५० ग्रॅम, बी काढलेल्या रिठ्याच्या सालीची पूड ३० ग्रॅम, आवळकाठीची पूड २० ग्रॅम आणि मेथीची पूड १० ग्रॅम. मेथी भिजली की बुळबुळीत होते, तीच वडी बांधून ठेवते. तिच्यावाचून वडी वाळल्यावर भुगा होतो. सियागंजात मागताना शिकाकाई, रीठा, सूखा आँवला असे म्हणावे, आवळकाठी म्हटले तर दुकानदार तोंडाकडे पाहतो. पुडी तयार मिळतात, पण शक्यतो सुके फळ आणून दळून घ्यावे. दळताना नाकातोंडाला रुमाल बांधलाच पाहिजे. रिठ्याची धूळ नाकात गेली तर शिंका थांबत नाहीत, डोळ्यांत गेली तर भयंकर चुरचुरते. हे दळण मोठ्यांनीच करावे. पूड मलमलच्या कापडातून चाळून घ्यावी.

आदल्या रात्री आठ-दहा रिठ्यांच्या साली एक पेला पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी ते पाणी उकळून निम्मे करावे, गाळून गार करावे. भांडे स्टीलचे. लोखंडी कढई नको, लोखंडाशी आवळा काळा पडतो. हे पाणी पुडीत चमचा-चमचा घालत मळावे. सगळे एकदम ओतू नये. पुरणपोळीच्या कणकेइतके सैल झाले तर बिघडले. मुठीत दाबले की मूठ उमटावी आणि हाताला चिकटू नये, इतपत घट्ट हवे. मग छोट्या वाटीत ओले फडके घालून दाबून वड्या पाडाव्यात. बोटाच्या एका पेराहून जाड करू नये. एवढ्या मिश्रणाच्या सहा-सात वड्या होतात.

वाळवणे हाच खरा कसोटीचा भाग. या वडीत टिकवणारे कोणतेही औषध नाही, आतून ओली राहिली की चार दिवसांत बुरशी येते. सावलीत, जाळीवर, रोज उलटून चार-पाच दिवस. मोडल्यावर टक् असा आवाज आला तर वाळली. पावसाळ्यात हा उद्योग करूच नये; आम्ही वेळापत्रकात जानेवारी मुद्दाम घेतला आहे. कोरड्या डब्यात महिनाभर ठेवावी, वास बदलला की टाकून द्यावी.

वापरताना वडी साबणासारखी डोक्यावर घासू नये, भुगा केसांत अडकतो. एक वडी मलमलच्या पुरचुंडीत बांधून पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावी आणि ती पुरचुंडी केसांवरून पिळत फिरवावी. खांद्यापर्यंतच्या केसांना एक वडी पुरते. कोणी म्हणेल, मग पूडच का नको? पूड सांडते, नाकात जाते, आणि मुले अर्धा डबा एकदम ओततात. वडीला माप असते. प्रथम वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे पाणी लावून एक दिवस पाहावे. खाज वा लाली आली तर वापरू नये. डोळे घट्ट मिटलेले हवेत. फेस बाजारच्या शाम्पूइतका येत नाही, आणि केसांना पुष्कळ तेल चोपडले असेल तर दोनदा धुवावे लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या पालकांना तयार 'बेस' वितळवून साच्यात ओतायचा आहे, त्यांनी वेष्टन वाचावे. हस्तकलेसाठी मिळणारा बेस बहुधा साबणच असतो, त्यात चमचाभर शिकेकाई घातल्याने त्याचा अल्कधर्म जात नाही. बाजारातील चांगल्या शाम्पू बारमध्ये सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असे काही लिहिलेले असते. ते नारळाच्या तेलापासून निघते, पण साबण नव्हे, दुष्फेन पाण्यात साका धरत नाही. घरात साबणाचीच वडी असेल तर शेवटच्या एक लिटर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून केसांवरून ओतावा, बराच फरक पडतो.

विद्यार्थ्यांनी येताना एक जुना रुमाल, एक छोटी स्टीलची वाटी आणि घरच्या पाण्याची एक बाटली, तीवर वसाहतीचे नाव व 'नर्मदा' किंवा 'बोरिंग' असे लिहून, आणावी. संरक्षक चष्मे शाळा देईल. तीस नगांचा खर्च विश्वस्त मंडळाने मंजूर केला आहे. उरलेले रिठ्याचे पाणी मोरीतच ओतावे. अंगणातील हौदात मासे आहेत आणि रिठा माशांना मारक असतो.