विसाव्यातील मेंदू

एखादा मुलगा दुपारी ओसरीवर डोळे मिटून स्वस्थ पडला आहे. तो झोपलेला नाही, वाचीत नाही, की कोणाशी बोलत नाही. पाहणारा म्हणेल, "हा काहीच करीत नाही." पण त्याचा मेंदूही तसाच रिकामा असेल काय?

मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या शेकडा २ इतकेच असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा मेंदू घेतो. अवघड गणित सोडवू लागले तरी त्या खर्चात भर पडते ती थोडीच. यावरून स्वस्थ मेंदूतही पुष्कळ कामकाज चालू असते, हे उघड आहे.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच्याकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावते. प्राणवायू असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण निराळे असल्यामुळे हा फरक एमआरआय यंत्राला टिपता येतो. १९९५ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरी भरत बिस्वाल हे भारतीय वंशाचे तरुण संशोधक या नोंदींतील निरुपयोगी वाटणारे चढउतार कसे वगळावेत, याचा शोध घेत होते. त्यांनी काही माणसांना यंत्रात नुसते पडून राहण्यास सांगितले. डावा हात हलविणारा भाग आणि उजवा हात हलविणारा भाग हे मेंदूच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून दूर असतात. हात तर निश्चल होते. तरीही त्या दोन भागांतील मंद चढउतार एकाच लयीत चालले होते. दिंडीतले दोन टाळकरी दूर उभे असूनही एका ठेक्यावर टाळ वाजवतात ना, तसेच ते होते. केर म्हणून टाकून द्यावयाचे, तेच मोलाचे निघाले! हा केवळ श्वासाचा व हृदयाच्या ठोक्यांचा परिणाम असावा, अशी शंका पुढे बरीच वर्षे घेतली गेली. पण शोध टिकला.

दूरदूरच्या भागांनी असे एका लयीत चालणे, यालाच त्यांची जोडणी म्हणतात. ही जोडणी सर्वांत सारखी नसते. कोणात ती घट्ट, तर कोणात सैल. हा फरक आला कोठून? आईबापांकडून मिळालेल्या जनुकांतून, की घर, शाळा, आहार व अनुभव यांतून?

येथे जुळी भावंडे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली. काही जुळी एकाच फलित बीजापासून होतात; त्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात. काही दोन निराळ्या बीजांपासून होतात. त्यांच्यात इतर भावंडांइतकेच साम्य असते. घर मात्र दोन्ही जोड्यांना एकच लाभते. पहिल्या प्रकारच्या जुळ्यांच्या मेंदूतील जोडणी दुसऱ्या प्रकारच्या जुळ्यांपेक्षा अधिक मिळतीजुळती आढळली. जनुकांचा हात त्यात आहे, हे यावरून ठरले. २०१० साली टेक्सासमधील मोठ्या कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध झाली. विसाव्याच्या वेळी विशेष जागे असणाऱ्या भागांच्या जोडणीत माणसामाणसांत जो फरक होता, त्याचा शेकडा सुमारे ४२ वाटा आनुवंशिक असल्याचा अंदाज तीत निघाला.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे. थोर माणसेही येथे घसरतात. तुमच्या मेंदूचे ४२ भाग आईबापांचे व ५८ भाग तुमचे, असा तो अर्थ नव्हे. ज्वारीचे मिसळीचे बियाणे एकसारख्या काळ्या रानात पेरले, तर ताटांच्या उंचीतील फरक बहुतांशी बियाण्याचा असतो. तेच बियाणे अर्धे काळ्या रानात व अर्धे मुरमाड माळावर पेरले, की त्या फरकात जमिनीचा वाटा वाढतो. बियाणे तेच, पण हिशेब बदलला! आनुवंशिकतेचा आकडाही असाच, ज्या माणसांत मोजला त्यांच्यापुरता असतो.

शिवाय, ही जोडणी घडविणारे एकच जनुक नाही. पुष्कळ जनुके आपापला अल्पसा भार टाकतात. २०१८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ८,००० हून अधिक माणसांच्या मेंदूची चित्रे व जनुके ताडून पाहिली. मेंदूच्या आकारमानावर व घडणीवर जनुकांचा ठसा त्यांना ठळक दिसला. विसाव्यातील जोडणीवर तो त्या मानाने पुसट होता. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जोडणीदेखील हुबेहूब एक निघत नाही.