वेबसाइटच्या नावावरून मुलांना आळा घालता येईल का?

जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामाला गेलो की आयाबाया आम्हाला विचारतात, "आम्ही दिवसभर कांद्या-टोमॅटोच्या कामावर, मोबाइल पोरांच्या हातात. सरकार घाणेरड्या वेबसाइट बंदच का करत नाही?" प्रश्न रास्त आहे.

प्रत्येक वेबसाइटला नाव असते. त्याला डोमेन म्हणतात. नावाच्या शेवटी 'डॉट कॉम', 'डॉट इन' असे काही असते. त्यावरूनच मुलांचे आणि मोठ्यांचे वेगळे करावे, असे प्रयत्न झाले. अमेरिकेने २००२ साली कायदा करून मुलांसाठी 'डॉट किड्स डॉट यूएस' काढले. नियम कडक होते, वेबसाइट फार थोड्या आल्या आणि २०१२ साली ते थांबवले गेले. २०११ साली अश्लील वेबसाइटसाठी 'डॉट एक्सएक्सएक्स' मंजूर झाले, पण तिथे जाण्याची सक्ती कोणावरच नव्हती.

आपल्याकडे २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ वेबसाइट बंद करायला सांगितले गेले. २०२२ साली पुण्याच्या न्यायालयाच्या आदेशावरून आणखी ६३. पण बंदी आलेल्या काहींनी नाव बदलून पुन्हा दुकान मांडले. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा व्हिडिओ तर अशा बंदीत सापडतच नाही.

म्हणून आमचे मत असे : बंदी हवी, पण तिच्यावर विसंबू नये. बाटलीवर 'विष' लिहिले असले तरी ती आपण पोरांच्या हाताला लागू देत नाही.

घरी एवढे करा :

१. प्ले स्टोअरमध्ये पॅरेंटल कंट्रोल आणि गूगलमध्ये सेफसर्च सुरू करा. जमत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्या.

२. मोबाइल सगळ्यांसमोर पाहू द्या. रात्री तो मोठ्यांजवळ ठेवा.

३. पाळी आणि शरीरातले बदल मुलामुलींना आधीच सांगा. संकोच वाटला तर आशाताईंना बोलवा.

४. पोराने काही पाहिले किंवा कोणी फोटो मागितला, तर मारू नका. मार बसला की पोर पुढच्या वेळी लपवते आणि त्रास देणाऱ्याचे फावते. तो नंबर आणि मेसेज पोलिसांना दाखवा, १०९८ वर फोन करा. मुलांचे अश्लील चित्र पुढे पाठवणे हा गुन्हा आहे.

आणि मोबाइलचे कारण सांगून मुलीची शाळा सोडवू नका.