नदीकाठचा वारा
(इयत्ता चौथी)

हलणाऱ्या हवेला वारा म्हणतात. वारा ज्या दिशेकडून येतो, तिचेच नाव त्याला देतात. पश्चिमेकडून आला तर पश्चिमेचा वारा.

नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी मागे तेथपर्यंत तुंबते, म्हणून पात्र खूप रुंद दिसते. आमचा काठ दक्षिणेकडचा आहे. संक्रांतीला मुले काठावर पतंग उडवतात, म्हणून गुरुजींनी आम्हाला वारा बघायला नेले. काठीला दोरा बांधून आम्ही तीन ठिकाणी धरला.

१) मोकळा काठ : दोरा सरळ गावाकडे उडाला. म्हणजे वारा पाण्यावरून येत होता.

२) दरडीखाली : दोरा गरगर फिरू लागला.

३) बाभळींच्या आड : दोरा लोंबला. मधेच एक झटका बसे, की पुन्हा गप्प.

असे का? ओढ्यात धोंडा असला की पाणी वळसा घालते आणि मागे भोवरा होतो. वाऱ्याचेही तसेच असते.

ऋतूप्रमाणेही दिशा बदलते. पावसाळ्यात आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा येतो. तो जमिनीवरून पाण्याकडे जातो. हिवाळ्यात बहुतेक ईशान्येकडून येतो. दुपारी जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापते. तापलेली हवा वर जाते व पाण्यावरची गार हवा तिच्या जागी येते.

अमेरिकेत कोलंबिया नावाची नदी आहे. ती डोंगरातल्या घळीतून वाहते. उन्हाळ्यात घळीत पश्चिमेचा जोराचा वारा शिरतो. लोक मोठ्या पतंगाला धरून फळीवर उभे राहतात व पाण्यावरून सरकतात. तेसुद्धा आधी वारा बघतात.

आता महत्त्वाचे. पतंग उडवताना वारा पाठीला घेतात. संक्रांतीला वारा पाण्यावरून आला तर आपली पाठ नदीकडे होते, डोळे आभाळाकडे असतात, आणि दोरा ओढताना आपण मागे मागे सरकतो. मागे तर पाणी! वारा उलटा असला तर कटलेला पतंग पाण्यात पडतो आणि मुले त्याच्यामागे धावतात.

म्हणून मित्रांनो, आधी चिमूटभर माती उडवून वारा बघा. काठ सोडून लांब माळावर उभे राहा. पाण्यात गेलेला पतंग जाऊ द्या. आईबाबांनो, लहान भावंडांसोबत मोठे माणूस पाठवा.