मामाचा मोत्या बरा झाला



या मे महिन्याच्या सुट्टीत मी आईबरोबर मामाच्या घरी शीव कोळीवाड्याला गेलो होतो. एस.टी.ने पनवेल आणि तिथून लोकलने गुरू तेगबहादूर नगर. या स्टेशनचे जुने नाव कोळीवाडा. शीव म्हणजे हद्द. आपल्या गावाला जशी शीव असते, तशी जुन्या मुंबई बेटाची हद्द इथे होती, असे मामाने सांगितले.

मामाकडे मोत्या नावाचे अडीच महिन्यांचे पिल्लू आहे. त्याचे अंग काळे आणि पाय पांढरे. मामीने बजावले होते, "त्याला सुकी मासळी देऊ नको." पण तो माझ्याकडे बघत बसला, म्हणून मी त्याला गुपचूप सुक्या बोंबलाचा तुकडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोत्याने उलटी केली. मला वाटले, बोंबलामुळेच झाले. मार बसेल म्हणून मी कागदाने जागा पुसली आणि कुणाला सांगितले नाही. तो दिवसभर कोपऱ्यात पडून होता. मामी बाजारात मासे विकायला गेली होती. तिसऱ्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली. तेव्हा मी रडत रडत सगळे खरे सांगितले. मामा ओरडला नाही. त्याने मोत्याला टॉवेलात गुंडाळले आणि आम्ही टॅक्सीने परळला गेलो.

परळला प्राण्यांचे मोठे हॉस्पिटल आहे. त्याचे नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल, पण लोक त्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात. पूर्वी मुंबईत गाड्या ओढायला बैल आणि घोडे असत. 1874 साली मुंबईत ट्राम सुरू झाली, तीसुद्धा घोडे ओढत. परळलाच 1886 साली जनावरांचे डॉक्टर तयार करणारे कॉलेज सुरू झाले.

डॉक्टरांनी मोत्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी कमी झालंय." मग त्यांनी विचारले, "उलटी कधीपासून?" मी मान खाली घालून म्हणालो, "कालपासून. मी बोंबील दिला होता." त्यांनी तपासणी केली आणि म्हणाले, "हे बोंबलामुळे नाही. हा पार्व्हो आहे. पण काल आणलं असतं तर बरं झालं असतं." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटले.

पार्व्हो हा विषाणूचा रोग आहे. तो 1978 साली जगाला माहीत झाला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. लहान पिल्लांना तो लवकर होतो. माणसांना होत नाही. मोत्याला लस द्यायची राहून गेली होती.

त्याच्या पुढच्या पायाला सुई लावून सलाइन दिले आणि इंजेक्शने दिली. आम्ही रोज त्याला परळला नेत होतो. घरी आजी एकवीरा आईच्या फोटोपुढे दिवा लावायची. मीपण हात जोडून म्हणायचो, "देवी, मोत्याला बरं कर. मी पुन्हा काही लपवणार नाही."

तिसऱ्या दिवशी उलटी थांबली. पाचव्या दिवशी त्याने तांदळाची पेज चाटली आणि शेपूट हलवली. आई, मामी, आजी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आजीने देवीपुढे नारळ फोडला.

मी विचारले, "आजी, मोत्याला देवीनं बरं केलं का डॉक्टरांनी?"

आजी म्हणाली, "दोघांचे उपकार मान. एकाचं नाव घेताना दुसऱ्याचं विसरायचं, असं कुठं असतं का?"

म्हणून मी देवाचे आभार मानतो आणि डॉक्टरांचेही. पुढच्या चैत्रात आम्ही कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेला जाणार आहोत.

या प्रसंगातून मी काय शिकलो?

1. पिल्लू दीड-दोन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुढच्या लसी द्याव्यात. रेबीजची लस वेगळी असते, तीही विसरू नये.
2. उलटी आणि हगवण लागली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.
3. आजारी पिल्लाला दुसऱ्या पिल्लांपासून दूर ठेवावे. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी.
4. मुक्या जनावराला बोलता येत नाही. आपल्याला येते. म्हणून आपण पाहिलेले मोठ्यांना लगेच सांगावे, चूक आपली असली तरी.

मामाचा फोन आला होता. मोत्या आता चपला पळवतो.