तुंगारेश्वराची प्रदक्षिणा : सायकलच्या वाटांचा एक अभ्यास

डोंगर दिसला की तो चढायचा, ही आपली समजूत गिर्यारोहकांनी करून दिलेली आहे. सायकलस्वाराचे डोंगराशी असलेले नाते निराळे असते. पायी चालणारा झाडाझुडपांना धरून उभ्या चढणीनेही वर जातो. मोटार इंजिनाच्या बळावर जाते. सायकलस्वाराला मात्र स्वतःच्या वजनाबरोबर सायकलचे वजनही केवळ पायांच्या जोरावर उचलावे लागते. म्हणून त्याने डोंगराचा स्वभाव आधी ओळखावा आणि मगच वाट निवडावी. ही निवड कशी करावी, हे आमच्या जूचंद्राच्या ईशान्येस उभ्या असलेल्या तुंगारेश्वराच्या रांगेच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जूचंद्र गावाची ख्याती आहे ती रांगोळी कलाकारांमुळे आणि टेकडीवरील चंडिकादेवीमुळे. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व वेगळेच आहे. येथे मिठागरांची सपाटी संपते आणि डोंगरांचा प्रदेश सुरू होतो. मिठागर म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीच. तेथून काही किलोमीटरांत ६०० मीटरांहून उंच माथे उभे राहतात. कामणदुर्ग त्यांपैकीच एक. रांगेच्या दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला तानसा नदी, पश्चिमेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि पूर्वेला भिवंडी तालुका. रांगेतील सुमारे ८५ चौरस किलोमीटर क्षेत्र २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले.

हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक आडवे पसरलेले हे थर सारख्याच कठीणपणाचे नाहीत. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची सपाटी होते. म्हणूनच आपल्याकडचे डोंगर उतरंडीसारखे एकसारखे वर न जाता पायऱ्यापायऱ्यांनी जातात. भूगोलाच्या पुस्तकात आपण हे वाचतो आणि परीक्षेत लिहितो. सायकलवर बसल्यानंतर ते पोटऱ्यांना कळते.

आता नकाशाकडे वळू. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५०,०००स १ या प्रमाणाचा नकाशा समोर घ्या. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. तुमचा रस्ता ज्या दोन रेषा ओलांडतो, त्यांमधील रस्त्याची लांबी पट्टीने मोजा. ती ८ मिलिमीटर भरली तर ४०० मीटरांत २० मीटर चढ आला, म्हणजे २०ला १. हीच लांबी ४ मिलिमीटर भरली तर चढ १०ला १. एवढे गणित आले की घरबसल्या रस्त्याची परीक्षा करता येते. एक पथ्य मात्र पाळावे : लांबी सरळ रेषेत न मोजता वळणावळणाने, दोरा लावून मोजावी. वळणाचा रस्ता लांब असतो म्हणूनच तो सौम्य असतो. घाटरस्त्याचे सारे रहस्य त्या दोऱ्यात आहे.

या आकड्यांचा शरीराशी काय संबंध? सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाण्यास साधारण ५० वॉट शक्ती पुरते. २०ला १ चढावर वेग निम्म्यावर, म्हणजे ताशी ८ किलोमीटरांवर आणला, तरी १०० वॉट लागतात. वेग निम्मा आणि श्रम दुप्पट! १०ला १ चढावर त्याच वेगासाठी जवळजवळ १९० वॉट हवेत, आणि ते तुमच्याआमच्यासारख्या सामान्य प्रकृतीच्या माणसाला फार वेळ झेपणारे नाहीत. तेथे उतरून सायकल ढकलावी. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

गिअरची सायकल शक्ती वाढवत नाही, फक्त तिचे हप्ते पाडून देते. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. गिअरच्या सायकलीवर पुढे २८ व मागे २८ दात लावले, तर तोच फेरा सव्वादोन मीटरांच्या आत भागतो. फेरे वाढतात, प्रत्येक फेऱ्याचा भार उतरतो. ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे, पण ती पटवून देण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाच्या गृहस्थाला (१८५३–१९३०) आयुष्य वेचावे लागले. सेंत-एतिएन या डोंगराळ गावात राहून त्याने सायकलवरील भ्रमंतीचे नियतकालिक चालवले व गिअरचा पुरस्कार केला. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत तशा गिअरला परवानगी मिळाली ती त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ साली. भूक लागण्यापूर्वी खावे आणि तहान लागण्यापूर्वी प्यावे, या आशयाचे त्याचे नियम आपल्या दमट हवेत तर अधिकच खरे आहेत. अर्थात गिअरवाचून अडत नाही, हेही तितकेच खरे. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघाले आणि जगाची फेरी पुरी करून १९२८ साली परतले.

असो. आपल्या रांगेवर नकाशा ठेवून पाहिला की दोन प्रकारच्या वाटा दिसतात : वर चढणाऱ्या आणि पायथ्याने फिरणाऱ्या. वर चढणारी ठळक वाट सातिवलीजवळच्या फाट्यावरून तुंगारेश्वराच्या देवळाकडे जाते. अंतर तीन-चार किलोमीटर, रस्ता कच्चा, मध्ये ओढे. देवळाच्या पुढे चढ वाढतो. हे अभयारण्य आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे येथे वनखात्याच्या परवानगीने व नियमाने वावरावयाचे असते. पायवाटांवरून सायकली घालणे हा धाडसाचा नव्हे, नासधुशीचा प्रकार आहे. चाकाने पडलेली चाकोरी पहिल्या पावसात ओहोळ बनते आणि माती वाहून जाते. चिंचोटीच्या धबधब्याकडे तर पावसाळ्यात फिरकूच नये. तेथे बुडून मृत्यू झालेले आहेत आणि बंदीचे हुकूमही निघालेले आहेत.

माझा कौल पायथ्याच्या वाटेला आहे, म्हणजे प्रदक्षिणेला. जूचंद्राहून बापाणे येथे महामार्ग गाठावा आणि चिंचोटी, वसई फाटा, विरार फाटा असे उत्तरेस शिरसाडपर्यंत जावे. तेथे उजवीकडे वळून मांडवी, पारोळ, उसगाव या परिसरातून वज्रेश्वरी. पुढे अंबाडी, मग दक्षिणेस अनगाव, कवाडवरून भिवंडी. अंजूरफाट्याहून खारबाव, पाये, कामण करीत परत चिंचोटी आणि घर. सारे मिळून सुमारे ८० ते ९० किलोमीटर. ताशी १२ किलोमीटरांच्या हिशेबाने चाकांवरचे सात तास, विसाव्याचे वेगळे. एका दिवसात जमते. वज्रेश्वरीस मुक्काम केला तर अकलोलीच्या गरम कुंडांत दुखऱ्या पोटऱ्यांचाही विचार करता येतो. भात कापणी झाल्यानंतरचे दिवस, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, उत्तम. दक्षिणेकडच्या बाजूस वसई-दिवा लोहमार्ग सोबतीला आहे. खारबाव, कामण रोड आणि जूचंद्र ही स्थानके अडीअडचणीला उपयोगी, फक्त गाड्या मोजक्या असतात.

ही वाट मी शोधून काढली असे मुळीच नाही. डोंगराला वळसा घालून जाण्याचे शहाणपण जुनेच आहे. १७३९ साली वसई घेण्यापूर्वी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, असे परंपरा सांगते. तेथील देवळाला किल्ल्यासारखा तट आहे तो त्यानंतरचा. १७८० साली इंग्रजांनी वसईला वेढा घातला, तेव्हा मराठी फौज वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला लढली आणि डिसेंबरात रामचंद्र गणेश तेथे धारातीर्थी पडले. फौजा, बैल, मीठ, भात सारे या रांगेच्या कडेकडेनेच फिरले. पाड्यांवरचे वारली, कातकरी बांधव आजही तसेच फिरतात.

याच कडेने आणखी कोणी फिरते. खाडीच्या उत्तरेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागले हा भाग आहे. तो आणि तुंगारेश्वर यांच्यामधून चिंचोटी-भिवंडी रस्ता व लोहमार्ग जातो. वन्य प्राण्यांना एका रानातून दुसऱ्या रानात जायचे तर हे दोन्ही ओलांडावे लागतात. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातील ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ साली गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला गेला आणि शंभराहून अधिक किलोमीटर चालून मुंबईच्या या रानाकडे आला. २०११ साली वाहनाच्या धडकेने तो मेला. म्हणून कामणच्या टप्प्यावर अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे, असा माझा आग्रह आहे. तो आपल्या सुरक्षिततेसाठी आहे, तसा जनावरांच्याही.

आता या वाटेतील सर्वांत अवघड टप्पा कोणता? चढ मोजत बसलेल्या माणसाला उत्तर सापडणार नाही, कारण तेथे नकाशावर समोच्च रेषाच नाहीत. बापाणे ते शिरसाड हा सुमारे २० किलोमीटरांचा महामार्ग सपाट आहे आणि तोच सर्वांत कठीण आहे. अवजड ट्रक डाव्या कडेला चिकटून येतात. सेवा रस्ता काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी तो मध्येच तुटतो आणि सायकल पुन्हा मुख्य प्रवाहात ढकलली जाते. १०ला १ चढावर उतरून ढकलण्याची सोय तरी असते, येथे उतरायलाही जागा नाही. अंजूरफाट्याजवळ गोदामांच्या वाहनांमुळे हाच प्रकार थोड्या प्रमाणात आहे.

आम्ही रविवारी हौसेने जाणारे. पण वालीव-सातिवलीच्या कारखान्यांतील कामगार त्याच पट्टीवरून पहाटे आणि रात्री, बहुधा मागच्या दिव्यावाचून, रोज जातात. सहलीसाठी सायकलमार्ग मागितला तर तो चैनीचा हट्ट ठरेल. त्यांच्यासाठी मागितला तर ती गरज आहे. मार्ग मात्र दोघांचा एकच.

मागणीला आधार हवा, आणि आधार म्हणजे आकडे. म्हणून भूगोल विभागातील प्राध्यापक व विद्यार्थी यांच्यापुढे एक सूचना ठेवतो. जानेवारीत एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी बापाणे, चिंचोटी, वसई फाटा व शिरसाड या चार ठिकाणी दोघादोघांनी उभे राहावे. सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ८ या वेळात दोन्ही दिशांच्या सायकली मोजाव्यात; दिवा आहे की नाही, कॅरिअरवर ओझे आहे की नाही, स्वार सेवा रस्त्याने गेला की मुख्य रस्त्याने, एवढेच टिपावे. दर १५ मिनिटांना नवी ओळ घालावी. सोळा जणांच्या दोन पाळ्यांत हे काम होते. नकाशा आणि तक्त्यांचे कोरे कागद मी तयार ठेवले आहेत.