नवी जाती कशी निपजते?

घोडी व गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश चालत नाही. दोन जातींमधली भिंत ती हीच, असे आपण शाळेत शिकलो. परंतु वांझपण नसतानाही भिंत उभी राहते. गालापागोसमधील डॅफ्ने मेजर बेटावर १९८१ साली शंभराहून अधिक किलोमीटरांवरून दुसऱ्या जातीचा एक फिंच नर आला आणि त्याने तेथल्याच मादीशी घरोबा केला. पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने त्याच्या वंशजांवर पिढ्यानपिढ्या नजर ठेवली. नर पिल्ले बापाचे गाणे शिकली. ते गाणे बेटावर परके, चोचही निराळ्या मापाची. तेव्हा हे पक्षी पुढे आपसांतच जोड्या जमवू लागले. संकराला शरीराची आडकाठी नव्हती, आडवे आले ते गाणे! तरी याला नवी जाती म्हणणे मला घाईचे वाटते. २००३ ते २००५ च्या दुष्काळात या कुळातले केवळ एक भाऊ व एक बहीण वाचली. पुढचा सारा वंश त्यांचाच.