कोरी घरे आणि अधांतरी रूळ

रेल्वे सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर आगगाडी चालविण्याच्या खेळात, रुळांभोवतीचा देखावा बिघडलेला दिसला की हौशी खेळाडू बहुधा ग्राफिक्स कार्डाला बोल लावतो किंवा सारा खेळ काढून पुन्हा बसवितो. यात सुट्टीचा दिवस खर्ची पडतो आणि दोष मात्र पुष्कळदा जिथल्या तिथे राहतो.

दौंड-मनमाड मार्ग यासाठी उदाहरण म्हणून घेता येईल. अहिल्यानगर सोडून विळद, वांबोरीवरून गाडी राहुरीच्या सखल भागात उतरते. खेळातला असा भूभाग अनेकदा २००० साली अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीतील उंचीच्या आकड्यांवरून उभा केला जातो. त्या मोजणीच्या दोन बिंदूंमध्ये सुमारे ३० मीटरचे, जुन्या संचात तर ९० मीटरचे अंतर असल्यामुळे कटिंग, म्हणजे रुळांसाठी टेकाड खोदून काढलेली अरुंद वाट, तीत उमटतच नाही, आणि रूळ कुठे मातीत गडप होतात तर कुठे भरावाअभावी अधांतरी लटकतात. येथे जमीन मार्ग रचणाऱ्यानेच सारखी करावी लागते. खेळाडूने चित्राचा दर्जा कितीही वाढविला तरी उपयोग नाही.

घरे किंवा झाडे कोरी, रंगहीन दिसत असतील, अथवा मुळीच दिसत नसतील, तर गोष्ट वेगळी. ओपन रेल्स हा मोफत सिम्युलेटर २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी रचलेले मार्ग वाचतो आणि प्रत्येक फेरीची लॉग फाइल, म्हणजे घडामोडींची नोंदवही, लिहून ठेवतो. न सापडलेल्या आकृतीचे वा पोताचे (वस्तूवर चढविलेल्या चित्राचे) नाव तीत मिळते. ही नोंद वाचण्याचा कंटाळा हेच निम्म्या मनस्तापाचे मूळ होय. अहिल्यानगर स्थानकाच्या फलकावर ‘अहमदनगर’ दिसले तर मात्र तो बिघाड नव्हे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये बदलले, मार्ग त्याआधीचा असेल.

सर्वांत महागात पडते ती अशा मार्गांच्या ‘ग्लोबल’ फोल्डरमधील उसनवारी. तेथील ‘टीसेक्शन’ फाइलीत रुळांच्या तुकड्यांची मापे असतात आणि ती सर्व मार्गांना सामाईक असते. त्यामुळे नव्या मार्गासोबत आलेली जुनी प्रत तिच्यावर चढविल्यास काल सुरळीत चालणारा दुसराच मार्ग मोडतो. म्हणून मूळ फाइलीची प्रत आधी वेगळी ठेवावी, आणि दोन्हींपैकी नवी आवृत्ती कोणती हे पाहूनच बदल करावा.